सोळा पानं कमी

स्पितीला जायला अजून बावीस दिवस,
आणि जेवणाच्या टेबलावर नऊ पुस्तकं.
ऋजुताचा निरोप सकाळीच आला:
बाबा, एकच घ्या. गाडीत सहा माणसं आहेत,
शिवाय तुमचा ऑक्सिजनचा डबा.

मी भाजीचा काटा काढला.
खडकांचं पुस्तक आठशे चाळीस ग्रॅम,
म्हणजे बऱ्यापैकी एक दुधी.
मठांचा इतिहास त्याहून जड,
त्यात सोळाव्या पानावर वारलेला लामा
एकोणिसाव्यावर पुन्हा तान्हं मूल.
त्याची वंशावळ लावता लावता चहा निवला.

एका साहेबाची रोजनिशी, भाषांतरित.
‘या दरीत तीनशे माणसे सुखाने राहतात.’
मी पेन्सिल घेऊन समासात लिहिलं: खोरं.
दरीत माणूस पडतो हो, राहील कसा?
दरीला कठडा असतो, कठड्याशी भाजलेलं कणीस,
पुढे जाऊ नये अशी पाटी.
खोऱ्यात नदी असते, नदीला लागून वाटाणा,
पाटाच्या पाण्यावरून भांडणं,
आणि त्याच घरांत सोयरिकी.

एकतीस वर्षं मी बेलापूरला नकाशे काढले.
समोच्च रेषेचं टोक चढाकडे वळलं
की समजायचं, इथून पाणी उतरतं.
उताराकडे वळलं तर ती डोंगराची सोंड.
पारसिकच्या अशा कितीतरी रेषा मी काढल्या,
आणि खाणी जसजशा आत गेल्या तसतशा
ब्लेडनं खरवडल्या,
ट्रेसिंगचा कागद फाटू न देता.
तेवढं मला फार छान जमायचं.
त्या डोंगराचं पुस्तक या नवांत नाही.
शोधलंही नव्हतं कधी.

संध्याकाळी दहावं आणायला गेलो.
नेरूळच्या मार्केटात, पिठाच्या गिरणीवर आमचं वाचनालय.
तांडेलबाई पुस्तक देण्याआधी टेबलावर आपटतात,
थोडी ज्वारी उडते, मग नोंद करतात.
म्हणाल्या, हे न्या.
कोणीतरी पायी गेलेला माणूस आहे.
मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव नाही.
शेवटची सोळा पानंही नाहीत.
मग पोचला का तो?
तुम्ही जाताय ना, त्या म्हणाल्या, बघून या.
आणि वहीत माझी सही घेतली.

ऋजुताच्या लग्नाला मी गेलो नव्हतो.
ताप होता असं सगळ्यांना सांगितलं,
थर्मामीटरला सोडून.
याला सहा वर्षं झाली.
आमच्यात काय पडलं होतं त्याला शेजारीपाजारी
कुठला शब्द वापरायचे, मला माहीत आहे.
तिकिटं तिनं काढली, मला न विचारता,
माझ्या जन्मतारखेसकट.

रात्री तिचा फोन. कुठलं ठरलं?
शेवट नसलेलं.
ती हसली नाही. जरा वेळानं म्हणाली,
गाडीत मोठ्यानं वाचाल?
मी गोवर झाल्यावर वाचायचात तसं.
जोबिनला कळतं आता मराठी,
शिव्यांच्या पुढचंसुद्धा.

तेव्हापासून सकाळी गॅलरीत बसून सराव करतो.
दुसऱ्या पानावर धाप लागते,
आणि इथं तर समुद्र पायाशी आहे.
पेन्सिलनं बारीक खुणा करतोय: इथं श्वास,
इथं श्वास, इथं पाणी पिऊन घ्यायचं.
या पायी गेलेल्या माणसानंही
दोनतीन ठिकाणी दरीच म्हटलंय.
तिथं मी अडखळतो,
चष्मा वर करतो,
आणि खोरं वाचतो.

काट्यावर एकशे नव्वद ग्रॅम भरलं,
दोन मध्यम कांदे.
ती सोळा पानं असती
तर दोनशेवर गेलं असतं.