काट्यांसकट

सूर्य परवा गेला, आता थेट जानेवारीत.
वार्डोच्या औषधांच्या दुकानात मात्र
ड जीवनसत्त्व ओळीनं मांडलंय,
पिवळ्याधमक झाकणांचं.
चष्मा घरी राहिलाय. बाटली लांब धरून
मी नुसतंच वाचल्यासारखं करते.

"कार्बोनेट जेवणासोबत," सिन्नेवे सांगते,
"सायट्रेट केव्हाही."
स्वस्त कुठलं?
ती हसत नाही. बोट दाखवते.

तीस वर्षं कारखान्याच्या पट्ट्यावर
मी कॉडचे काटे काढले,
थंड मांसात बोट फिरवून, न बघता.
एक जरी राहिला तर मुकादम नाव पुकारायचा.
आता माझ्याच कण्याचा फोटो उजेडावर धरून
डॉक्टर म्हणतात, जाळी विरलीय.
जुन्या मोज्याची टाच विरते, तशी असावी.
मनगट गेल्या वर्षीच गेलं,
टपालपेटीपाशी, साध्या बर्फावर.

के-टूची बाटली मी आपणहून उचलते.
ओडलॉग शपथेवर सांगत होती.
"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?"
आहे.
"मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."
बाटली परत फळीवर.
ओडलॉगला काय सांगू, ते वाटेत ठरवेन.

बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवते,
वाकताना हळू.

रात्री सार्डिनचा डबा, पावावर,
आणि कार्बोनेटची गोळी, खडूच्या चवीची.
बोट सवयीनं माशात शिरतं,
काटा सापडतो, केसाएवढा, मऊ.
नाव पुकारायला कोणी नाही.
राहू देते.