वजनकाटा, रात्रपाळी

सावद्याच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
दोन गाड्यांच्या मध्ये कधी दहा मिनिटं, कधी दीड तास.
तेवढ्यात मी नॉर्वेत ट्रक चालवतो.

खिडकीबाहेर मे महिना, रात्री एकलाही
पत्रा हात लावू देत नाही.
स्क्रीनवर बर्फ. वायपर चालू.
मागे बावीस टन मासे.
हे नूतनला सांगितलेलं नाही,
आमच्या घरात अंडंही चालत नाही.

ती विचारते, रात्रभर ट्रकच मोजतोस ना,
मग खेळातही ट्रकच?
काय सांगू.
गाडी काट्यावर चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडतो, गाडी दिल्लीला जाते.
मी जात नाही.

सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो.
नियम एकच, पुढच्याला ओलांडायचं नाही.
घाटात कोणी मागे पडला की सगळे कडेला,
इंडिकेटर लावून, टिकटिक,
आणि काहीबाही बोलत.
मारेक पोलंडचा, टायरच्या दुकानात कामाला.
मी भरिताबद्दल इतकं बोलायचो
की त्याला ते आमच्या तालुक्याचं नाव वाटलं.
अकोल्याची एक, जांभळ्या ट्रकवाली.
नाव तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
एकदा इथली लाइट गेली.
पाऊण तासानं परत येतो
तर दहाच्या दहा गाड्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या.
"आलास? चल."

मग ताफ्याला नाव आलं. नावाला चिन्ह, चिन्हाला फी.
सगळे उठून दुसऱ्या ॲपवर गेले, तिथून तिसऱ्या.
दर वेळी दोघं-तिघं वाटेत गळाले,
भरल्या गाडीतून केळीची फणी पडावी तसे,
आवाज न करता.
आता हजारावर माणसं आहेत
आणि बोलायला विसावी पातळी लागते.
सोळा वर्षांचा तनिष्क तिथला कारभारी.
म्हणाला, अंकल, माइक बंद करा,
तुमच्या मागे कोणीतरी खोटा भोंगा वाजवतंय.

खोटा नव्हता.
हरियाणा पासिंगची गाडी काट्यावर उभी होती.

ड्रायव्हर गुरनाम पावतीसाठी आत आला
आणि स्क्रीनपाशीच थांबला.
वाटलं, हसेल. हसलाच.
मग स्टूल ओढून बसला, म्हणाला,
उतार आहे, ब्रेक नको दाबू, गिअर उतरव.
उतरवला. मागचे मासे जरा सैल झाले.
अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंगवर, म्हणाला,
बर्फ एकदाच पाहिला, तोही उभ्या गाडीतून.
मी त्याला खुर्ची दिली.
सहा मिनिटांत तो दरीत.
इतके हसलो की काट्याखालचा कुत्रा भुंकत बाहेर आला.
चहा झाला. अठरा टन चारशे वीस.
केळी थांबत नसतात. गेला.

ताफा मी सोडला. भांडून नाही.
आता साध्या रस्त्यावर निघतो, जिथे कोणीही येतं.
पोरं उलट्या बाजूनं येऊन धडकतात,
शिवी टाइप करतात, जातात.
मी गाडी सरळ करतो.
सुपडू हमाल म्हणतो, काय भो, जुना झाला ना हा खेळ.
नवाही घेऊन पाहिला, चार दिवस. परत आलो.
मिळत काही नाही, पातळी तेरावर अडकलीय.
पण बोगद्याबाहेरचं ते डावं वळण,
खाली पाणी, पाण्यावर उजाडत आलेलं,
अजून मजा येते.
मजाच. दुसरा शब्द कशाला शोधू.

काल समोरून एक जांभळा ट्रक आला.
नाव वेगळं. आणि जांभळा रंग तर फुकट मिळतो.
तरी मी दोनदा दिवे मारले.
तिकडून एकदा.

एवढ्यात बाहेर भोंगा, खरा.
गाडी कडेला घेतली,
इंडिकेटर चालू ठेवला,
पावतीबुक घेऊन उठलो.