जागं होण्याआधी

रात्रपाळी. सोहार.
समुद्राचं मीठ काढून पाणी गोडं करणारा कारखाना,
कंट्रोल रूममागे एकतीस पेट्या.
आज एकेकीची झोपमोड करायची आहे.

बटण दाबायचं, आणि लोगो उगवण्याआधी
एफ-टू, एफ-टू, एफ-टू.
बोट चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

तिथे खाली निळा पडदा, माऊस चालत नाही.
विंडोजला अजून स्वतःचं नावही आठवलेलं नसतं,
त्या दोन-तीन सेकंदांत पेटी तारेवर हाक मारते:
कुणी आहे का? माझा पत्ता काय? मी काय म्हणून उठू?
आणि जो पहिला ओ देईल त्याचं ऐकते.
पहिला.
बरोबर असेलच असं नाही.

मुंधिरला समजावताना मी म्हणालो,
पुढच्या दाराला सात कुलपं आणि परसदार सताड उघडं.
तो हसला. आमच्याकडे वेगळी म्हण आहे, म्हणाला,
पण सांगितली नाही.

नेटवर्कवरून बूट: बंद.
तारेवरच्या हाकेने जाग येणं: बंद.
सही नसलेलं काहीही: बंद.
एफ-टेन. हो.

एकोणिसाव्या पेटीला आधीच पासवर्ड. वर्गीसचा.
तो कोल्लमला गेला, नंबर बदलला.
झाकण काढलं. आत पिठासारखी धूळ.
मदरबोर्डवरची तांदळाएवढी निळी टोपी
चिमट्याने एक पिन सरकवली, दहा मोजले.
पेटी सगळं विसरली.
घड्याळ म्हणालं, १ जानेवारी २००९.

त्याच वर्षी मी मस्कतच्या विमानतळावर उभा होतो,
खेडचा, वीस वर्षांचा,
प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
कुणी आहे का, असं ओरडलो नाही,
पण तोंडावर लिहिलेलं असणार.
एक माणूस म्हणाला, परकार? चल.
मी पासपोर्ट दिला.
कंपनीचा माणूस अर्ध्या तासाने आला होता म्हणे.
पासपोर्ट तीन वर्षांनी मिळाला,
कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग.

तारीख नीट केली. सोळा अक्षरं निवडली,
त्यात जगबुडी नाही, अम्मीचं नाव नाही, काहीच माझं नाही.
कागदावर लिहून पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या,
मुंधिरच्या तिजोरीत. वर्गीससारखं डोक्यात ठेवून
मला कुठे जायचं नाही.

पहाटे एकतीसावी उठली.
तारेवर एक शब्द बोलली नाही.
आपल्याच डिस्कवरून,
हळू, जरा कुरकुरत.