एसी बंद आहे

सोहारला पहाटे चार वाजता
चौतीस डिग्री, आणि मी जागा.
खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर
होलीने चार काड्या टाकल्यात,
त्याला ती घरटं म्हणते.

फोटो पाठवला.
भंडाऱ्याहून यदुनाथ लगेच :
"दोन अंडी. तेरा दिवस. हात लावू नकोस."
जणू मी लावणारच होतो.
तुर्कूहून शाल्मली : "इथे रात्र झालीच नाही,
कस्तुर गातोय कधीचा."
गुहागरच्या कुंदाकाकूंना एकच काळजी :
"अरे, पण तू झोपतोस कुठे?"

हॉलमध्ये, काकू. शिहाबच्या गादीशेजारी.
तो कोळिकोडचा. पक्ष्यांतलं आपल्याला
बिर्याणीपुरतंच कळतं, म्हणायचा.
काल मी रिफायनरीतून आलो
तर हा डब्यावर पुठ्ठा बांधत होता,
घामाने निथळत.
"मॅडमला ऊन लागतं," म्हणाला.

हे कळवलं, तर बराच वेळ कुणी काही बोलेना.
मग यदुनाथ : "त्याला घे आपल्यात."

आपल्यात म्हणजे कशात?
या तिघांना मी कधी भेटलेलो नाही.
काकूंचा फक्त आवाज ऐकलाय,
त्याच्यामागे कायम एक तांबट ठोकत असतो,
त्यामुळे काकू म्हटलं की
मला तोच दिसतो, लाल कपाळाचा.

आज नववा दिवस.
शाल्मली विचारते, वजन किती उतरलं? तुझं.

शिहाब फोन मागतोय.
मराठी येत नाही त्याला,
म्हणून होल्यासारखा नुसता घुमतो,
चांगला अर्धा मिनिट.

काकूंचं उत्तर : "कळलं हो. जेवलास का?"