चारशे बारा

सरकीच्या नमुन्यांची होती ही खोली.
आता इथं एक एसी, एक सर्व्हर
आणि अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर मी.
वास मात्र अजून सरकीचाच.

तीन वाजता जामच्या चौरस्त्यावर
जेसीबीनं केबल तोडली.
वर्ध्याच्या मशीननं वाचलेली शेवटची लॉग फाइल
चारशे बारा.
इथं चारशे सत्तावन्न भरत आलीय.
गाड्यांची रांग पेट्रोल पंपापर्यंत,
काटा रात्रीही चालू.
दर वजनाला एक ओळ,
दर ओळीला डिस्क तेवढी आखूड.
त्र्याण्णव टक्के. चौऱ्याण्णव.

नागपूरहून ठेकेदार:
"उडव ना जुन्या फाइली, काहून घाबरून राहिली?"
उडवता येतात. एका ओळीचं काम.
पण लाइन आली की वर्धा मागणार चारशे तेरा,
आणि मी काय देऊ?

माझा बाप याच यार्डात मापारी होता.
वजन ओरडायचा आणि थांबायचा.
पलीकडून लिहिणाऱ्या कोहपऱ्यानं
तोच आकडा परत म्हटल्याशिवाय
पल्ल्यातलं गाठोडं उचलू द्यायचा नाही.
एकदा कोहपरे चहाला निघून गेला.
बाप तसाच, हात दांडीवर.
गाडीवाले शिव्या देऊन राहिले,
बैलांनी दोनदा शेण टाकलं,
मी डबा घेऊन उभी,
शरमेनं फाटकाकडं बघत.
"म्हनू दे त्याले," एवढंच बोलला तो.

चारशे अकरापर्यंतच्या पुसल्या.
त्या वाचून झाल्या होत्या.
दोन टक्के मिळाले.
गेल्या हंगामाचे काट्याचे फोटो
पाटणकर सरांच्या हार्ड डिस्कवर हलवले,
त्यांना न विचारता.
अजून तीन.
एक वाजता परत पंच्याण्णव.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
बादली दोनदा ओतली.

अडीचला लाइन आली.
वर्धा एक्केचाळीस हजार चारशे सेकंद मागं.
मग चारशे तेरा.
बऱ्याच वेळानं चौदा.
पंधरा, सोळा लगोलग,
सतराला अडकल्यासारखी,
अठरा.
माझे ओठ हलत होते बहुतेक,
कारण चौकीदार मडावी दारातून म्हणाला,
"कोनाशी बोलून राहिल्या, मॅडम?"

ठेकेदाराचा मेसेज: केलं का?
वाचला.
उत्तर नाही दिलं.