डब्याची कडी

गोळी आधी, आवाज मागून.
म्हणजे जिला लागते
तिला तो ऐकूच येत नाही.
चैतूमामा सांगतो,
आवाज उरलेल्यांसाठी असतो.

अडुसष्ट साली तो सोळा वर्षांचा.
मालगुजाराच्या जीपमागे
काडतुसांची पिशवी छातीशी धरून
गोरेवाड्याच्या नाल्यानाल्यानं पळायचा.
रोजी दीड रुपया.
काळीज मालकाचं, आतडी पिशवीवाल्याची.

"पयल्या बाराले ते पळत नसते.
लोकायले वाटते पळते. नाई.
पयल्या बाराले चितळ उभं रायते,
एक पाय उचललेला,
टाकाचा राहून गेलेला.
कान तेवढे फिरते,
अंधारात आपण काडीपेटी चाचपतो, तसे."

मग टेकडी तोच बार परत पाठवते.
कळपाला वाटतं, बंदूक तिकडं आहे,
आणि टेकडीकडं पाठ करून
कळप धावत सुटतो
थेट बंदुकीच्या तोंडावर.
मालगुजार याला नशीब म्हणायचा.
मामा काही म्हणायचा नाही,
पुढचं काडतूस द्यायचा.

एकदा एक मादी इतकी जवळ आली
की नाकाचं ओलं दिसलं.
"तिनं मले पाह्यलं.
मी पिशवीकडं पाह्यलं."
याच्यापुढं तो कधी सांगत नाही.

आता तो पाण्याच्या टाकीवर चौकीदार आहे,
जंगलाच्या जाळीला लागून.
पलीकडं पोलिसांची चांदमारी.
मंगळवारी सकाळभर बार वाजतात,
टिटव्या उठतात, ओरडून पुन्हा बसतात.
चितळं बाभळीच्या शेंगा खात राहतात.
फार तर पाठीची कातडी हलते,
माशी बसल्यासारखी.
दिवाळीत दाभ्याकडून सुतळी बॉम्ब येतात,
वरातीचे फटाके येतात,
तरी मान वर नाही.
मी म्हटलं, विसरली वाटतं.
मामा म्हणाला, "हूं."

त्या दिवशी बारा वाजता
त्यानं जेवायला डबा काढला.
स्टीलचा, तीन ताळी, दोन्हीकडून कडी.
अंगठ्यानं कडी उघडली.
खट्.

चौतीस मुंड्या वर.
एका म्हातारीनं खूर आपटला.
शेपट्या उभ्या, खालून पांढऱ्या,
आणि मग जाळीपलीकडं
हलणारं काही उरलंच नाही,
फक्त एक अर्धी चावलेली शेंग.

बंदुकीचा खटका ओढला की
अगदी असंच वाजायचं, म्हणे.
पण यांनी बंदूक पाहिलेली नाही.
यांच्या आयांनी नाही, आज्यांनी नाही.
मी विचारलं, यांना कोणी सांगितलं?

मामा ऐकत नव्हता.
त्याचा हात कडीवरच थांबलेला,
एक बोट उचललेलं,
टाकायचं राहून गेलेलं.

तेव्हापासून तो भाकर
फडक्यात बांधून आणतो.
वांग्याचा रस्सा गळतो त्यातून,
सदऱ्याला डाग पडतात,
आणि मामी रोज विचारते,
चांगला डबा होता, त्याचं काय झालं.