साहित्य : घायपात

डफळापूरच्या ओढ्यात पंधरा दिवस कुजवलेल्या
घायपाताचा वास
सांगलीत आला तरी जात नाही.
हॉलवाल्यांनी दोनदा उदबत्ती लावली.

छतापासून खाली साडेअकरा फूट :
दावी, कासरे, शिंकी, मुसक्या,
सगळं एकमेकांत अडकलेलं.
बैल कुठेच नाही.
माहितीपत्रकात मी ‘तंतुशिल्पकार’,
गावात अजून तायाप्पाची थोरली.

आप्पा आले शेवटच्या दिवशी, धुवट धोतरात.
दोर वळून वळून केस गेलेली मांडी
चाचपत बसले थोडा वेळ.
मग पाटी वाचली, अक्षर अक्षर लावून :
कृपया हात लावू नये.

हसले.
“आमी दोर अंगणात टाकायचो.
पानी शिंपडून उचलायचे त्ये.
तवा पाटी नव्हती.”

आणि दोन्ही हातांनी धरून ओढलं
अख्खं शिल्प, अंगाचा भार टाकून,
बाजारात गिऱ्हाईक दावं ओढून बघतं तसं.
मुल्ला वॉचमन धावला. हूक कुरकुरला.
पीळ सुटला नाही.

एका जागी बोटं थांबली.
“ही कुनी मारली?”
मीच. पहाटे तीनला, घाईत.
“निरगाठ हाय. रातचं जनावर बिचकलं
तर गळा आवळंल.
सुरगाठ मार. वढली की सुटाय पायजे.”

प्रदर्शन साडेआठला संपलं.
नऊ वाजून गेले तरी आम्ही दोघं स्टुलांवर,
नखांनी ती गाठ उकलत,
आणि मुल्ला टॉर्च धरून.